चूक आढळल्यास घरी येऊन सांगावे

तुम्ही कधी खोटं लिहिलं आहे का? बोललात का, असं मी विचारत नाही. बोलताना सगळ्यांचीच जीभ घसरते. हातात पेन धरून, ओळ सरळ ठेवून, वाचणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून एकेक शब्द निवडून असं खोटं तुम्ही लिहिलं आहे का? मी लिहिलं आहे. नववीत होते तेव्हा, एका शनिवारी, एका पानावर. ते पान वाचून दाखवल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

अक्कलकुव्यातलं आमचं घर हायवेच्या इतकं जवळ होतं की गुजरातकडे जाणारा लांबलचक ट्रक गेला की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत आबांचं टेबल, टेबलाखाली कागदांचे गठ्ठे. आबा मूळचे शहाद्याजवळच्या लोणखेड्याचे. कॉलेज संपल्यावर एका लहानशा संघटनेत आले, डोंगरातल्या लोकांचे वनजमिनीचे दावे लिहून द्यायला लागले आणि परत गेलेच नाहीत. माझं नाव क्रांती ठेवणारा माणूस, यावरून काय ते समजा. मी अक्षरं शिकले ती अंकलिपीतून नाही, पत्रकातून. माझ्या पुस्तकांना कव्हर पत्रकांची, भाकरीखाली पत्रक, लाल मिरच्या बांधून शेजारी द्यायच्या तर त्याही पत्रकात. शेजारची काकू म्हणायची, "तुम्हनं घर पहिले वाचनं पडस, मंग झाडनं."

पत्रक तयार होण्याची आमच्या घरी एक रीत होती. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आबा कच्चा मजकूर जुन्या कागदांच्या पाठीवर लिहायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचायचे. माय दादरच्या भाकरी थापत ऐकायची. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली ज्वारी. तिची भाकर थापताना आवाज मऊ येतो, त्यामुळे आबांचं वाचन बुडत नसे. एखादा शब्द मायला कळला नाही की थापणं थांबायचं.

"अधिसूचना म्हणजे काय?"

"सरकारनी चिठ्ठी."

"मंग चिठ्ठी लिख ना. कोनले दाखाडाले लिखी ऱ्हायना?"

आबा मुकाट्याने शब्द बदलायचे. मायच्या कानातून पास झालेला मजकूर माझ्याकडे यायचा. माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं, म्हणून सहावीपासून पक्की प्रत मी करायची. आबा ती झेरॉक्सला न्यायचे आणि त्याआधी माय आपल्या फोनवर तिचा फोटो काढून संघटनेच्या ग्रुपवर टाकायची. डोंगरातल्या गावांतून ज्यांच्याकडे फोन होते ते तिथे बघायचे. बाकीच्यांना बाजाराच्या दिवशी कागद मिळायचा, आणि कुणीतरी शिकलेलं पोर तो भिली, पावरी बोलीत समजावून सांगायचं.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी दोन ओळी असत. पहिलीत आबांचं नाव आणि आमच्या घराचा पत्ता. दुसरीत: चूक आढळल्यास घरी येऊन सांगावे. ही शोभेची ओळ नव्हती. लोक खरंच यायचे. एकदा एक म्हातारा चार तास चालत आला होता, एवढंच सांगायला की पत्रकात अर्जाचा जो नंबर दिलाय तो जुना आहे. आबांनी त्याला जेवू घातलं आणि आम्ही तिघांनी बसून उरलेल्या सगळ्या कागदांवर पेनाने नंबर सुधारला. म्हातारा शेवटचा कागद सुधारेपर्यंत पडवीत बसून राहिला, मगच उठला. आबा मला म्हणायचे, "बेटा, नाव नसलेला कागद म्हणजे तोंड झाकून मारलेली हाक. तिला ओ द्यायची नाही." हे वाक्य मी शाळेत, गॅदरिंगमध्ये, भांडणात, कुठेही फेकायचे. माझा आवाज तेव्हा फार वर चढायचा. अजूनही चढतो.

शाळेत माझ्या बाकावर जेरमी बसायची. ती हॉस्टेलची मुलगी, घाटाच्या वरच्या एका गावातली. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे वाचल्यावर का ते कळेल. जेरमीला सिकलसेल होता, जन्मापासून रक्तात असणारा आजार. रोज एक गोळी, महिन्यातून एकदा दवाखाना, आणि पाणी, सतत पाणी. तिची बाटली आमच्या सगळ्यांच्या बाटल्यांच्या दुप्पट होती आणि तासाला केव्हाही उठून ती भरून आणायची तिला परवानगी होती. पाणी कमी पडलं, ऊन लागलं, की तिची हाडं दुखायला लागायची. ते दुखणं तिनं एकदा मला सांगितलं होतं: "आत कोणतरी खिळे ठोकतंय आणि त्याला घाई नाही." उन्हाळ्यात घरून येताना ती खिशातून आमचूर आणायची, कैरीच्या वाळलेल्या चकत्या, आणि कंटाळवाण्या तासाला आम्ही दोघी तोंड न हलवता त्या चघळायचो. मला ती नावावरून छळायची. "क्रांती, खिडकी लाव. क्रांती, पेन दे. बघ, क्रांती किती लवकर होते."

त्या वर्षी पाडवी सर आम्हाला मराठी शिकवायला आले आणि त्यांनी शनिवारचा शेवटचा तास बातमीचा केला. घरातल्या फोनवर आलेला एखादा मेसेज वहीत उतरवून आणायचा, वर्गात वाचायचा आणि मग त्याचा माग काढायचा. सर म्हणायचे, "बैल हरवला तर तुम्ही काय करता? रडत बसता की खुरं बघत मागे जाता?" डोंगरातल्या मुलांना हे लगेच समजलं. तुला कुणी पाठवलं? त्याला कुणी? ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्यानं स्वतः पाहिलं का?

पहिला माग आम्ही बिबट्याचा काढला. शहाद्याच्या बाजूला उसात बिबट्या बसलाय, असा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. वर्गातल्या एकाच्या मामाने तो पाठवला होता. मामाला एका न्हाव्याने, न्हाव्याला धानोऱ्याच्या त्याच्या मेहुण्याने. मेहुण्याला सरांनी वर्गातूनच फोन लावला, आवाज मोठा करून. तो म्हणाला, "सर, मी बिबट्या नई देखा. पन ऊस देखेल शे, आमना गावना ऊस असाच ऱ्हास." वर्ग हसून हसून आडवा झाला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: पाहिला तो ऊस. त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुणी ऐकीव काही सांगितलं की बाकीचे विचारायचे, "बिबट्या की ऊस?"

मी या तासावर जीव टाकला. मला वाटायचं, आबांचं काम आणि सरांचं काम एकच आहे आणि ते दोन्ही माझ्या हाडात आधीपासून आहे. म्हणून सरांनी उलटा तास घेतला तेव्हा मला पहिलं यायचंच होतं. उलट्या तासाला खोटी बातमी आपण तयार करायची. सर म्हणाले, "फास कसा बांधतात हे ज्याला माहीत असतं त्याला तो गवतात दिसतो. लिहा, वाचा, फाडा. फाडल्याशिवाय कुणी वर्गाबाहेर जायचं नाही."

मुलांनी लिहिलं तसं लिहिलं. कुणी परीक्षा रद्द केली, कुणी तापीत मगरी सोडल्या. मी पत्रक लिहिलं. त्याच आठवड्यात शाळेत सरकारी दवाखान्याच्या सिस्टर येऊन सगळ्यांच्या बोटाचं रक्त तपासून गेल्या होत्या, सिकलसेलसाठी. माझं पत्रक त्या रक्ताबद्दल होतं: ते कुठे जातं, कोण विकतं, कुणाला विकतं. तो मजकूर मी इथे देणार नाही. एवढंच सांगते की त्यात एकही अवघड शब्द नव्हता. प्रत्येक वाक्य मी मनातल्या मनात मायला वाचून दाखवलं होतं. कच्चं लिहिलं, मग नव्या पानावर पक्कं केलं, आणि तळाशी, हात न थांबता, दोन ओळी लिहिल्या.

वाचून झाल्यावर टाळ्या. जेरमी ओरडली, "मग माझं रक्त सगळ्यात महाग! दर महिन्याला काढतात!" सरांनी माझ्या हातातून पान घेतलं आणि तळापर्यंत वाचलं.

"आबांचं नाव का घातलंस?"

"नाव नसलेला कागद मी लिहीत नाही, सर."

मी हे मान ताठ करून म्हणाले. आज हे वाक्य लिहिताना माझे कान तापलेत.

"फाड," पान परत देत सर म्हणाले. "हे लवकर फाड."

मी फाडलं. बारीक तुकडे करून, सगळ्यांना दिसेल असं. पण मी फाडला तो कच्चा कागद. पक्की प्रत वहीत सरकवली. पक्की प्रत फाडायची माझ्या हाताला सवय नव्हती, हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. ते पान मला आवडलं होतं. मी लिहिलेलं इतकं चांगलं काहीच त्याआधी नव्हतं.

बुधवारी जेरमी वर्गात आली नाही. हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं, सकाळच्या पहिल्या जीपने तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. आणखी तीन मुलीही गेल्या. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. "काहीतरी कागद आलाय म्हणे फोनवर," बाई म्हणाल्या. "रक्त काढू देऊ नका, गोळ्या खाऊ देऊ नका, पोरी घरी आणा." तिची गोळ्यांची डबी हॉस्टेलच्या कपाटात तशीच राहिली होती. बापाने ती नेऊ दिली नव्हती.

मी पेटले. मला खरंच एकदाही शंका आली नाही. शनिवारची वाट न बघता मी मधल्या सुट्टीत बाकावर चढले आणि भाषण केलं: हे कुणी लिहिलं त्याला शोधू, त्याच्या गावात जाऊ, त्याला सगळ्यांसमोर उभा करू आणि विचारू, तुला लाज कशी वाटली नाही. याच मुलांनी शनिवारी माझ्या पानाला टाळ्या वाजवल्या होत्या; त्यांनाही काही आठवलं नाही. खोटं बाहेरून आलं की ते दुसऱ्या कुणाचं असतं, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. पाडवी सर दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आधी तो कागद मिळव, क्रांती. वाचल्याशिवाय माग कसा काढशील?" त्यांचा चेहरा बरा दिसत नव्हता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

घरी आले तर पडवीत सिस्टर बसल्या होत्या, शाळेत आल्या होत्या त्याच. पायांवर धूळ, चपलेचा एक पट्टा सुतळीने बांधलेला. टेबलावर पाण्याचा तांब्या होता आणि त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता. आबा समोर उभे होते.

"खाली लिहिलंय, चूक आढळल्यास घरी येऊन सांगावे," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून आले."

त्यांनी फोन आबांपुढे ठेवला. आबांनी चष्मा लावला आणि मी उत्साहाने त्यांच्या खांद्यावरून वाकले, कारण मला हवा असलेला कागद आयताच घरी आला होता.

आधी मला माझा ळ दिसला. माझ्या ळची शेपटी मी थोडी लांब काढते, अजूनही. मग ओळी दिसल्या, मग तळाचं नाव. मला आठवतं, मी मागे वळून दप्तराकडे पाहिलं, खिळ्याला लटकवलेल्या, जणू ते पान अजून तिथेच असेल तर फोनमधलं नाहीसं होईल. बाहेरून ट्रक गेला. ताटल्या वाजल्या. मी टेबलाची कड धरून होते.

सिस्टर शांतपणे सांगत होत्या. दोन गावांनी त्यांना शिवारात पाऊल टाकू दिलं नाही. एका गावात बायांनी त्यांची पेटी ओढून घेतली आणि ओढ्यात फेकली. "ज्या बाईनं फेकली तिची दोन्ही बाळंतपणं मी केलीत," त्या म्हणाल्या. "ती रडत होती. मला म्हणाली, सिस्टर, तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

आबांनी चष्मा काढला. आम्ही घरात जी बोली बोलतो तीत, हळू आवाजात विचारलं, "हाई कोनं अक्षर शे?"

त्यांना माहीत होतं.

"मन्हं."

"कव्हय लिखं?"

"शनिवारले. वर्गमा. सरनी खोटं लिखाले सांगेल व्हतं. फाडनं व्हतं."

"फाडं नई?"

"नई."

"मंग ग्रुपवर कसं गयं?"

याचं उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. माय उभी होती, दोन्ही हात पिठाचे.

"मी टाकं," ती म्हणाली. "दप्तरमाईन डबा काढना व्हता, वहीमाईन पडनं. तुन्हं अक्षर, यास्नं नाव. मी समजनू पक्की प्रत शे. आखो काय देखाले पाहिजे व्हतं मी?"

"वाचं नई का?" आबा म्हणाले.

"वाचं. वाचीसन माले राग उना, लेकरंस्नं रगत इकतस म्हनीसन. मी म्हनं, बरं व्हयनं यास्नी लिखं."

आत तव्यावर भाकर जळत होती, वास घरभर झाला, तरी कुणी आत गेलं नाही. न्हाव्याचा मेहुणा, मामा, धानोरा, असा लांबचा माग काढायला मी निघाले होते. माझ्या बातमीचा माग दोन पावलांत संपला: माय, आणि मी. माझ्या मायचा कान हीच आमच्या घरची चाळणी होती, आणि मी तिच्याच कानाच्या मापाने खोटं बेतलं होतं.

मायने ग्रुपवर लगेच लिहिलं की ते पान खोटं आहे. पण तोवर ते ग्रुपमधून निघून कितीतरी फोनांत गेलं होतं. आबा सिस्टरांना म्हणाले, "ताई, उद्या नवी पेटी घेऊन आमच्यासोबत याल का? आधी त्या पोरीच्या गावाला जाऊ." सिस्टर तेव्हा कुठे पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा, सिस्टर आणि मी जीपने घाट चढलो आणि शेवटचा तुकडा चाललो. गावाच्या तोंडाशी एक मोठा काळा दगड आहे. त्याच्यावर उभं राहिलं तरच फोनला रेंज येते. माझं पान गावात शिरलं ते तिथूनच. दगडाच्या पलीकडे खडकावर कैरीच्या चकत्या वाळत पसरल्या होत्या, आंबट वास हवेत भरलेला. जेरमी घराच्या ओसरीत खाटेवर होती. दोन्ही गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ पांढरे. मला बघून तिनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"मी बापाला सांगितलं," ती म्हणाली. प्रत्येक शब्दामागे थांबत होती. "हे खोटं आहे, वर्गातलं आहे, मी तिथे होते. त्यानं विचारलं, खोटं आहे तर खाली नाव कसं?"

तिचा बाप दित्यादादा आमच्यासमोर आला नाही, आधी घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बांबूची नळी होती. छपराच्या वाशांत खोचून ठेवलेली असते तशी. त्यानं नळी उलटी करून झटकली आणि आबांची पत्रकं जमिनीवर पडली. किती वर्षांची होती कोण जाणे. काही धुराने पिवळी, काहींवर माझं सहावीतलं अक्षर. दित्यादादाला वाचता येत नव्हतं. तळाची आबांच्या नावाची ओळ तो चित्रासारखी ओळखायचा.

"आता सांग," तो आबांना म्हणाला. "यातला खोटा कोणता?"

"एकही नाही, दित्याभाऊ."

"हा रक्ताचा कागद आला तेव्हा मी तुला विचारलं असतं, तरी तू हेच बोलला असता. जमिनीचा दावा मी या कागदावर टाकला. आता मला काय माहीत, जमीन तरी खरी का?"

माझ्या बापाला मी मोर्च्यात, कचेरीत, पोलिसांसमोर बोलताना पाहिलं होतं. त्या अंगणात ते नुसते वाकले आणि एका पत्रकावरची धूळ झटकायला लागले. मी पुढे झाले आणि म्हणाले, "दादा, तो कागद मी लिहिला. खोटा लिहिला. आबांना माहीत नव्हतं." माझा चढणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, मला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. दित्यादादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून बोललेच नाही. कशासाठी विश्वास ठेवावा त्यानं? लिहिलेल्यावर ठेवून पाहिला होता.

सिस्टर तोवर खाली बसल्या होत्या आणि पेटी उघडून काचेच्या दोन नळ्या काढत होत्या. "दादा, रक्त कुठे जातं ते बघायचं ना?" त्या म्हणाल्या. "बघा. जवळ बसा. पोरीचं नको, आपलंच काढू."

त्यांनी आधी आबांचं बोट टोचलं. एक थेंब नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकला. मग दुसरी नळी पुढे केली. दित्यादादाने आधी आबांच्या बोटाकडे पाहिलं, मग आपलं दिलं. गावातली माणसं जमली होती, बाया कुंपणाशी उभ्या होत्या. पाच-सहा मिनिटं थांबायचं असतं. खाटेवरून जेरमीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. नळीमागे धरायची काळ्या रेघांची पट्टी ओढ्यात वाहून गेली होती, म्हणून सिस्टरांनी जमिनीवरचं एक पत्रक उचललं आणि ते नळ्यांच्या मागे धरलं. आबांच्या नळीतून माझी अक्षरं लालसर पण स्पष्ट दिसत होती. दित्यादादाच्या नळीतून काहीच दिसत नव्हतं. नुसतं गढूळ.

त्यानं नळी स्वतः हातात घेतली. कागद जवळ नेला, लांब नेला. आबांच्या नळीमागे धरला, परत स्वतःच्या.

"माझ्यात पण आहे?"

"तुमच्यात अर्धा आहे, म्हणून तुम्हाला दुखत नाही," सिस्टर म्हणाल्या. "तिच्यात पुरा आहे. अर्धा तुमच्याकडून, अर्धा तिच्या आईकडून. आणि रक्त तेवढंच लागतं. एक थेंब. हे बघा, आता हे कुठे जातं." त्यांनी काठीने खड्डा केला, दोन्ही नळ्या त्यात रिकाम्या केल्या आणि माती ओढली.

दित्यादादा खड्ड्याकडे पाहत राहिला. मग उठला, आत जाऊन पांघरूण आणलं आणि जेरमीला त्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. ती किंचाळली, तसा तोही ओरडला, तिच्यावर नाही, कुणावरच नाही. आम्ही त्याच्यामागे पळत जीपपर्यंत आलो. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कितीतरी वर्षं नाही.

जेरमी वाचली. तिचं उजव्या बाजूचं खुब्याचं हाड मात्र खराब झालं आणि ती लंगडते. डॉक्टर म्हणाले, या आजारात तसं कधीही होऊ शकतं, त्या दोन दिवसांमुळेच झालं असं म्हणता येणार नाही. हे वाक्य लोक मला समजूत म्हणून सांगतात. मी ते घेत नाही. पाडवी सरांना नोटीस आली, त्यांनी उत्तरात माझं नाव लिहिलं नाही, आणि बातमीचा तास बंद झाला. आबांनी त्यानंतरचे सगळे बाजार मला सोबत नेलं. प्रत्येक बाजारात मी उभी राहून तीच दोन वाक्यं बोलायचे: कागद मी लिहिला, कागद खोटा आहे. काही ठिकाणी लोक ऐकायचे. काही ठिकाणी एखादी बाई म्हणायची, "पोरीला दाबलं असेल कुणीतरी," आणि मिरच्यांचा भाव विचारायला पुढे जायची.

आता मी तालुक्यातल्या शाळांमधून शनिवारी बातमीचा तास घेते. उलटा तास घेत नाही. जेरमी कधी कधी सोबत येते. बाटली अजून तेवढीच मोठी. परवा तिनं हे प्रकरण वाचलं, आमचूर चघळत, आणि म्हणाली, "एक राहिलं. टाळ्या मीपण वाजवल्या होत्या. ते लिही." लिहिलं.

ते पान अजून फिरतं. दर उन्हाळ्यात, कैऱ्या वाळत पडल्या की कुठून तरी येतं. माझं नववीतलं अक्षर, ळची लांब शेपटी. आता त्यातल्या तळाच्या दोन ओळी कुणीतरी कापल्या आहेत, त्यामुळे चूक सांगायला कुठल्या घरी जायचं हे कुणाला कळत नाही. म्हणून तुमच्याकडे एक गोष्ट मागते. ते पान तुमच्या फोनवर आलं, तर पुसून गप्प बसू नका. ज्यानं पाठवलं त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. तुमचा आवाज त्याला ऐकू द्या. सांगा, हे क्रांतीने लिहिलं, अक्कलकुव्याच्या शाळेत, आणि ती म्हणते हे खोटं आहे. मग विचारा, तुला कुणी दिलं? त्यालाही फोन करायला लावा, आणि असंच मागे मागे या. शेवटी हायवेजवळचं पत्र्याच्या पडवीचं घर लागेल. टेबल तिथेच आहे. आत या, बसा, आणि माझ्या तोंडावर सांगा.